एलएस३ बसवलेली १९६९ ची कॅमॅरो सिग्नलवर का तापते?

तक्रार ठरलेली आहे. १९६९ ची शेव्हरले कॅमॅरो, आत शेव्हरलेचंच नव्या काळातलं एलएस३ व्ही-८ इंजिन, पुढे नवाकोरा ॲल्युमिनियम रेडिएटर, दोन इलेक्ट्रिक पंखे आणि नंतर बसवलेला एसी. हायवेवर काटा ९० वर गप्प बसलेला असतो. गावात शिरून लागोपाठ तीन-चार सिग्नल लागले की ९८, १०३, १०८ असा चढत जातो. मग एसी बंद, हीटर चालू, काचा खाली आणि कपाळाला घाम. गाडीने वेग घेतला की पाच मिनिटांत काटा पुन्हा जागेवर.

यावर बहुतेक जण आधी ७१ अंशांचा थर्मोस्टॅट (तापमान चढलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) टाकतात. फरक पडला नाही की तीन रो (नळ्यांच्या ओळी) असलेला रेडिएटर, तरी नाही पडला तर 'हाय फ्लो' वॉटर पंप. एवढा खर्च होऊनही पुढच्या जुलैत गाडी त्याच सिग्नलवर तशीच तापते.

थोडा हिशेब मांडला तर कारण सापडतं. एलएस३ चे ४३० हॉर्सपॉवर ५९०० आरपीएमला मिळतात. सिग्नलवर इंजिन ८०० आरपीएमवर फिरत असतं, जेमतेम स्वतःला, एसीच्या कॉम्प्रेसरला आणि अल्टरनेटरला फिरवण्यापुरतं. तेव्हा तयार होणारी उष्णता अगदी साधा रेडिएटरही पेलतो. रेडिएटर खरंच लहान असता तर गाडी लांब चढावर किंवा ताशी ७५ मैलांवर तापली असती. सिग्नलवर तापून हायवेवर थंड होते याचा अर्थ रेडिएटर पुरेसा आहे, हवेचं गणित चुकलंय. एकतर बाहेरची हवा रेडिएटरमधून पुरेशी जात नाही, नाहीतर आतली हवा कूलंटमधून बाहेर पडत नाही. अनेक गाड्यांत दोन्ही एकदम असतं, म्हणून एक दुरुस्त करून गुण येत नाही आणि माणूस वैतागतो.

(तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. फॅरनहाइटची सवय असेल तर ८६ म्हणजे १८७, ९५ म्हणजे २०३ आणि १०८ म्हणजे २२६.)

काटा खरं बोलतोय का

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून एक रुपयाही खर्च करू नका. जुन्या मीटरला जुन्या सेंडरचा (काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरचा) रेझिस्टन्स लागतो आणि तो सेंडर एलएसच्या हेडमध्ये बसत नाही. हेडवरचं भोक १२ मिमी व्यासाचं, १.५ मिमी पिचच्या आट्यांचं आहे. मग ॲडॅप्टर येतो, त्यात सेंडरचं टोक कूलंटपर्यंत पोचत नाही आणि वर टेफ्लॉन टेपचे सात वेढे मारलेले असतात. सेंडरचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं, त्यामुळे टेप जास्त झाली की आकडा भरकटतो.

ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) मात्र स्वतःचा सेन्सर आहे. तो ड्रायव्हरच्या बाजूच्या हेडवर पुढच्या टोकाला असतो. ओबीडी-२ च्या (या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या) सॉकेटला साधा स्कॅनर लावा आणि कूलंटचं तापमान थेट वाचा. काटा ११० दाखवतोय आणि स्कॅनर ९६, असं असेल तर गाडी तापत नाही, मीटर खोटं बोलतंय. काम तिथेच संपलं.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर चकचकीत ॲल्युमिनियमवर तो नेम धरून उपयोग नाही. चमकणाऱ्या पृष्ठभागावर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. वरच्या आणि खालच्या होसच्या तोंडाशी काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा चिकटवा आणि त्यावर वाचा. इंजिन तापलेलं असताना, पंखे चालू असताना दोन्हींतला फरक बघायचा. फरक ४-५ अंशांचाच आणि दोन्हीकडे आकडा चढलेला असेल तर पाणी फिरतंय पण रेडिएटरला हवा मिळत नाही. फरक २५ च्या वर असेल तर पाणी फारच हळू फिरतंय: थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, होस दबतोय किंवा कुठेतरी एअर अडकलीये. हे ढोबळ आकडे आहेत, पण पुढे कुठे हात घालायचा ते यांवरून कळतं.

ट्रॅफिकमध्ये एसी लावून १०० ते १०४ हे या इंजिनाला दुखणं नाही. ज्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये १९९७ साली एलएस मालिकेतलं पहिलं इंजिन, एलएस१, आलं, तिच्यात कारखान्यातूनच पहिला पंखा १०८ ला आणि दुसरा ११३ ला सुरू व्हायचा. त्यामुळे १०२ बघून रात्रीची झोप घालवू नका. पण आकडा थांबत नसेल, चढतच असेल, तर पुढचं वाचा. ११८ च्या वर गेला तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

पंख्यापर्यंत किती व्होल्ट पोचतात

सगळ्यात जास्त केसेस इथे सुटतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. पंखा फिरतोय एवढं बघून समाधान होतं. किती जोरात फिरतोय हे कुणी मोजत नाही.

इंजिन आयडलवर ठेवा. एसी, ब्लोअर आणि हेडलाइट चालू, दोन्ही पंखे पूर्ण वेगात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग पंख्याच्या प्लगमध्ये मागून पिना घालून, पंखा चालू असतानाच मोजा. बॅटरीवर १३.८ आणि पंख्यावर १३.३ असेल तर ठीक. पंख्यावर ११.५ असेल तर चोर सापडला. व्होल्टेज उतरलं की पंख्याचा वेग उतरतो, आणि रेडिएटर व त्याच्या पुढच्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीतून हवा ओढण्याचा जोर वेगाच्या वर्गाने उतरतो. वेग पाचव्या हिश्शाने कमी झाला तर जोर एक तृतीयांशाहून जास्त गेला. कानाला मात्र पंखा तसाच घोंघावत असतो.

आता तूट कुठे होते ते शोधा. मीटरची एक पिन पंख्याच्या काळ्या तारेवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. पंखा चालू. इथे ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंग खराब आहे. पंख्याच्या प्लस तारेवर आणि बॅटरीच्या प्लसवर तसंच मोजा, इथे ०.३ च्या वर गेलं तर तार बारीक आहे, नाहीतर रिले किंवा फ्यूजचा होल्डर तापतोय.

कॅमॅरोत अर्थिंगचा घोळ का होतो ते नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या गाडीवर शिकलेला मिस्त्री इथे हमखास फसतो. या गाडीची मागची बॉडी मोनोकॉक (वेगळ्या चासीशिवाय, पत्र्याचीच) आहे आणि पुढची सबफ्रेम वेगळी, बोल्टने जोडलेली. मध्ये रबराचे बुश. रेडिएटर ज्या पत्र्याला टेकतो तो कोअर सपोर्टही सबफ्रेमवर रबरावरच बसतो. म्हणजे इंजिनाची अर्थिंगची पट्टी सबफ्रेमला जोडली तरी बॉडीला अर्थिंग मिळालंच असं नाही, आणि कोअर सपोर्टला तर नाहीच. त्यात रिस्टोरेशनमध्ये प्रत्येक पत्रा पावडर कोट केलेला. पावडर कोट म्हणजे विजेच्या दृष्टीने प्लॅस्टिकच. कोअर सपोर्टवर सुंदर काळ्या थरात बोल्ट पिळून पंख्याची काळी तार लावली की करंट आट्यांच्या दोन-चार टोकांवरून कसाबसा जातो. थंडीत चालून जातं. उन्हाळ्यात दोन्ही पंखे एकदम लागले की नाही.

उपाय स्वस्त आहे. पंख्यांची काळी तार पत्र्यावर अजिबात सोडू नका. १० गेजची तार थेट इंजिन ब्लॉकवर किंवा बॅटरीच्या मायनसच्या जंक्शनवर आणा. ब्लॉक ते सबफ्रेम, ब्लॉक ते फायरवॉल आणि फायरवॉल ते कोअर सपोर्ट अशा तीन वेगळ्या पट्ट्या टाका. जिथे पट्टी बसते तिथला कोट रुपयाएवढा खरवडून धातू उघडा करा, बोल्ट पिळा आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. बॅटरी डिकीत नेली असेल, आणि अशा गाड्यांत बहुधा नेलेलीच असते, तर मायनसची केबलही प्लसइतक्याच जाडीची आणि थेट ब्लॉकपर्यंत आणा. डिकीच्या पत्र्याला एक बोल्ट मारून 'झालं अर्थिंग' म्हणणं हे अर्ध्या दुखण्याचं मूळ.

तारेची जाडी: एक १२ इंची पंखा चालू असताना साधारण २० अँपिअर ओढतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट. १४ गेजच्या तारेतून ३ मीटरवर २० अँपिअर नेले की एकट्या त्या तारेत अर्धा व्होल्ट जातो. परतीची तारही तशीच असेल तर एक व्होल्ट गेला. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले आणि वेगळा ३० किंवा ४० अँपिअरचा फ्यूज द्या. एका रिलेवर दोन पंखे लावले की रिलेचं सॉकेट तपकिरी पडतं. काढून बघा, वासावरूनही कळेल.

बॅटरीवरच १२.५ असेल तर पंखे आणि तारा निर्दोष, अल्टरनेटर कमी पडतोय. दोन पंखे ४०, ब्लोअर २०, फ्युएल पंप १० ते १५, ईसीयू आणि कॉइल्स मिळून तितकेच, वर हेडलाइट. बेरीज १०० च्या आसपास जाते. डब्यावर १४५ अँपिअर लिहिलेला अल्टरनेटर आयडलवर त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो. शिवाय दिसायला छान म्हणून क्रँकवर लहान पुली बसवली असेल तर आणखी कमी. नवा घेताना कमाल आकड्याकडे बघू नका, आयडलला किती देतो ते विचारा.

हवा कुठून निसटते

पंखे उलटे फिरत नाहीत ना, हे दहा सेकंदांत कळतं. ग्रिलसमोर, कंडेन्सरच्या पुढे वर्तमानपत्राचं एक पान धरा. पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. दूर फेकलं गेलं तर प्लगमधल्या तारा उलट्या आहेत. हसू नका, हे घडतं. उलटा फिरणारा पंखाही हवा हलवतोच, पण मागून पुढे. हायवेवर समोरून येणारा वारा त्याच्यावर मात करतो, म्हणून लक्षणं अगदी आपल्या तक्रारीसारखी दिसतात.

हेच पान आता रेडिएटरच्या कोपऱ्यांवर धरा. मध्ये चिकटतं आणि कोपऱ्यात लोंबकळतं असं असेल तर पंखे शेरूडशिवाय (पंख्यांभोवतीच्या आवरणाशिवाय) थेट जाळीला बांधलेत. दोन गोल पंखे चौकोनी रेडिएटरचा जेवढा भाग झाकतात तेवढ्यातूनच हवा जाते. उरलेला भाग सिग्नलवर फुकट. पूर्ण जाळी झाकणारा शेरूड हवा, आणि पंख्याची पाती ते जाळी यांत किमान २५ मिमी अंतर. शेरूडवर रबरी झडपा असतील तर उत्तम: हायवेवर वाऱ्याने उघडतात, सिग्नलवर मिटतात. झडपांशिवाय बंद शेरूड लावला की सिग्नल सुधारतो आणि हायवे बिघडतो.

मग फटी. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना, वर बॉनेटखाली आणि खाली व्हॅलन्सपाशी (बंपरखालच्या पत्र्यापाशी). इंजिनाकडची तापलेली हवा या फटींतून फिरून पुन्हा रेडिएटरच्या पुढे येते आणि पंखा तीच परत ओढतो. तपासायचं असेल तर सिग्नलसारख्या परिस्थितीत दहा मिनिटं गाडी चालू ठेवा आणि कंडेन्सरच्या पुढे साधा थर्मामीटर लटकवा. बाहेर ३८ आणि ग्रिलच्या आत ५२ असेल तर गाडी स्वतःचाच उच्छ्वास गिळतेय. दाराचं फोम सील घेऊन कोअर सपोर्ट आणि रेडिएटर यांतली प्रत्येक फट बुजवा, बॉनेटच्या कडेला रबरी पट्टी लावा. वीस डॉलरांत १५०० डॉलरांच्या रेडिएटरइतका गुण येऊ शकतो.

एसी असेल तर पंख्यांना ईसीयूच्या तापमानावर सोडून चालत नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला की कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडावर गरम हवा सोडतो. एसीच्या हाय प्रेशर लाइनवर ट्रायनरी स्विच असतो, त्याची पंख्याची तार वापरा. तो साधारण २५० पीएसआयला पंखा लावतो. बऱ्याच गाड्यांत ही तार टेप गुंडाळून तशीच सोडलेली सापडते.

ईसीयूत पंख्याची सेटिंग कारखान्याच्या आकड्यांवर राहिली असेल तर बदलून घ्या. ८६ च्या थर्मोस्टॅटला पहिला पंखा ९५ ला चालू, ९१ ला बंद. दुसरा ९९ ला चालू. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवला तर पंखा कधी थांबतच नाही. रेडिएटरच्या जाळीत खुपसायच्या प्रोबवर चालणारे कंट्रोलर टाळा, ते इंजिनाचं नाही तर जाळीच्या त्या एका कोपऱ्याचं तापमान वाचतात.

आतली हवा

लक्षण वेगळं असतं. काटा हळूहळू न चढता १०५ ला उडी मारतो, पुन्हा धाडकन ९२ ला येतो. हीटर मधूनच थंड वारा फेकतो. कूलंट कुठे गळत नाही, तरी दर आठवड्याला अर्धा लिटर टाकावा लागतो.

शेव्हरलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये कूलंट इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या भागातून वर यायचं आणि थर्मोस्टॅट तिथेच सगळ्यात उंचावर. वाफ आपोआप वर जायची. एलएसचं इनटेक कोरडं आहे, त्यातून पाणी जात नाही. त्यामुळे दोन्ही हेडच्या टोकांना वाफेसाठी वेगळी भोकं दिलीत. एकूण चार. सुरुवातीच्या एलएस१ मध्ये चारही जोडलेली होती, नंतरच्या इंजिनांत मागची दोन बंद करून पुढच्या दोनांची एकच नळी केली. ही नळी पुढे रेडिएटरच्या गरम टाकीच्या वरच्या भागात, सर्ज टँकमध्ये (कूलंटच्या वेगळ्या, उंचावरच्या टाकीत) किंवा पंपाच्या वरच्या भागात न्यायची असते. बसवताना रेडिएटरवर जागा दिसली नाही म्हणून तिला प्लग मारून टाकलेला असेल तर दुसरं काही तपासायची गरज नाही. तो प्लग काढा.

नळी ६ मिमी पुरते. तिला वाटेत पोट पडू देऊ नका. हेडपासून टाकीपर्यंत चढती ठेवा, नाहीतर त्या पोटात पाणी साचून वाफेची वाट अडते. ही नळी हेडवर धरणारे छोटे बोल्ट फक्त १२ न्यूटन-मीटरने आवळायचे, आणि खालचं सील दर वेळी नवं.

स्टान्सचाही, म्हणजे गाडी पुढे-मागे किती उंच उभी आहे याचाही, संबंध आहे. मसल कारला मागून उंच ठेवायची हौस असते. इंजिन मुळात मागच्या बाजूला तीन-चार अंश झुकलेलं असतं, म्हणून पुढची भोकं सगळ्यात उंच राहतात. गाडीचा मागचा भाग चढवला, त्यात गिअरबॉक्सचा माउंट वर घेतला, की तो झुकाव संपतो आणि वाफ मागच्या कोपऱ्यांत साचते. व्हॉल्व्ह कव्हरजवळ लेव्हल ठेवून बघा. इंजिन सपाट किंवा पुढे झुकलेलं दिसलं तर मागची दोन भोकंही उघडून पुढच्या नळीला जोडा.

कूलंट भरायची पद्धत:

१. गाडीचं पुढचं टोक ३० सेंटिमीटर उचला, रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच आलं पाहिजे. हीटर पूर्ण गरमवर.

२. वाफेची नळी रेडिएटरकडून सोडा आणि टोक बाटलीत धरा. झाकणातून हळूहळू कूलंट ओता. नळीतून आधी फुसफुस हवा येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार अखंड झाली की नळी जोडा.

३. इंजिन सुरू करून झाकण उघडंच ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, भरा. दोन-तीनदा १५०० आरपीएमवर धरा. मग झाकण लावा.

४. पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा पातळी बघा.

व्हॅक्यूमने भरायचं यंत्र असेल तर निम्मा त्रास वाचतो. समुद्रसपाटीजवळ २४-२५ इंच पाऱ्यापर्यंत ओढा, पाच मिनिटं काटा हलला नाही पाहिजे, मग व्हॉल्व्ह उघडा. डेन्व्हरला २५ ची वाट बघत बसू नका, त्या उंचीवर २० च्या आसपासच मिळतं. आणि एक साधी गोष्ट: काढलेलं कूलंट मोजून ठेवा. ११ लिटर काढलं आणि ९ च भरलं गेलं, तर दोन लिटर हवा आत आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

आपल्याकडचा जुना जुगाड आहे: गाडी तापते, थर्मोस्टॅट फेका. एलएसवर हा उलटा पडतो. इथे थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला आहे आणि त्याच्या मागच्या टोकाला एक चकती असते. थर्मोस्टॅट उघडतो तशी ती चकती आतला बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच काढला की बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर न बघताच इंजिनात परत फिरतो. पंपाशी न जुळणारा, लांबीला कमी थर्मोस्टॅट बसवला तरी हेच होतं. २००४ च्या आधीचे आणि नंतरचे थर्मोस्टॅट वेगळे आहेत. पंप कोणत्या वर्षाचा ते बघून घ्या.

७१ चा थर्मोस्टॅट सिग्नलवरचं तापमान कमी करत नाही. तो आधी उघडतो, एवढंच. पूर्ण उघडल्यावर ८६ चा आणि ७१ चा सारखेच. काटा १०८ ला पोचायला चार मिनिटं जास्त लागतात आणि माणसाला वाटतं दुरुस्त झालं.

हीटरची वाट बंद करणारा व्हॉल्व्ह हा अजून एक सापळा. एसीच्या किटबरोबर येणारा साधा व्हॉल्व्ह हीटरचं पाणी पूर्ण अडवतो. एलएसमध्ये हीटरमधून परतणारं पाणी थर्मोस्टॅटच्या मेणाच्या गोळीपर्यंत पोचतं. ते थांबलं की थर्मोस्टॅट उशिरा जागा होतो. चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह लावा, म्हणजे हीटर बंद असला तरी पाणी फिरत राहतं. हीटरच काढून टाकला असेल तर पंपावरची दोन तोंडं बुजवण्याऐवजी एका होसने एकमेकांना जोडा.

झाकण, टाकी आणि बाकीचं

झाकण १५-१६ पीएसआयचं. निम्मं पाणी निम्मं कूलंट हे मिश्रण या दाबाखाली १२८ अंशांच्या आसपास उकळतं, उघड्यावर १०७ ला. झाकणाचं रबर चिरलं असेल तर १०८ ला वाफ सुरू आणि वरच्या सगळ्या लक्षणांची सरमिसळ. हातपंपाने झाकण वेगळं तपासा, मग सिस्टिमला १५ पीएसआय देऊन दहा मिनिटं ठेवा. सर्ज टँक असेल तर दाबाचं झाकण फक्त टँकवर. रेडिएटरवर साधं, बंद झाकण. दोन्हीकडे दाबाची झाकणं लावली की कमी दाबाचं आधी उघडतं आणि टँक शोभेचा उरतो.

एलएसच्या बहुतेक पंपांची पाण्याची दोन्ही तोंडं एकाच बाजूला आहेत. म्हणून रेडिएटरचीही एकाच बाजूला असतील तर टाकीत मधला पडदा हवा, म्हणजे पाणी वरून जाऊन खालून परततं. पडदा नसलेल्या रेडिएटरमध्ये पाणी वरच्या तोंडातून थेट खालच्या तोंडात पडतं. हात फिरवून बघा: पलीकडची टाकी कोमट आणि अलीकडची चटका देणारी असेल तर हेच.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतून फिरवलं असेल आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) ३००० आरपीएम स्टॉलचा, म्हणजे साधारण तेवढ्या वेगापर्यंत घसरणारा असेल, तर सरपटत्या ट्रॅफिकमध्ये तो घुसळून तेल तापवतो आणि ती सगळी उष्णता कूलंटच्या गळ्यात पडते. वेगळा कूलर, स्वतःच्या पंख्यासह, कंडेन्सरच्या पुढे न लावता सबफ्रेमजवळ बसवा.

गाडी फक्त हायवेवर तापत असेल तर ही वेगळी केस आहे. खालच्या होसमध्ये स्प्रिंग आहे का बघा. ३००० आरपीएमला होस चपटा होत असेल तर पंप उपाशी राहतो. नंबर प्लेटखालचा एअर डॅम (हवा वळवणारी पट्टी) रिस्टोरेशनमध्ये काढून टाकला असेल तर परत लावा. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) आणि स्पार्कचं टायमिंग मागे असेल तर ट्यूनिंगवाल्याकडे जा. इथे मात्र रेडिएटर खरोखर लहान असण्याची शक्यता धरायला हरकत नाही. कॅमॅरोत २१ आणि २३ इंची अशा दोन रुंदी येतात. एसी आणि ४३० हॉर्सपॉवर एकत्र असतील तर २३ इंची, एक इंची ट्यूबचे दोन रो असलेला घ्या.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होस दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केट. ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण पिवळं पडलं की खात्रीच. एलएस३ चे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, खोलणार असाल तर नवा सेट आधी मागवा.

सगळं जमल्यावर एक शेवटची मोजणी, कारण अर्थिंगचा घोळ राहिला असेल तर तो नवा रेडिएटर आतून खातो. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन झाकणातून कूलंटमध्ये, धातूला न लावता. पंखे, फ्युएल पंप, लाइट एकेक करून चालू करत जा. ०.१ व्होल्टच्या आत राहिलं तर बिनघोर. ०.३ च्या वर ज्या बटणाने गेलं, त्या वस्तूची काळी तार पुन्हा उघडा.